बारशाचं कुर्र

प्रिय करुणा,

‘प्रिय’ लिहून दहा मिनिटं पेन तसंच धरून बसले होते. खोडलं नाही, राहू दे. श्रेया पाच महिन्यांची झाली. मान धरते, आवाजाकडं वळते. डाव्या बुबुळावरचा पांढरा डाग आहे तो आहेच. त्या डोळ्यानं किती दिसतं, ते मोठी झाल्यावरच कळेल म्हणतात. झटक्यांचं औषध दोन वेळा चालू आहे. तुझ्या आईंना मात्र त्या डागात अजून माझंच पाप दिसतं.

लासूर स्टेशनच्या घरात मी लग्न होऊन आले, तेव्हा माझ्या बाजूची तू एकटीच. नणंद कसली, मैत्रीणच! बारशाच्या सकाळी छावणीत माझ्या माहेरी आलीस आणि माझी गडद लिपस्टिक मागितलीस; फोटो लई भारी येतील म्हणालीस. मी हसत दिली. मग पाळण्यात वाकून, बारा दिवसांच्या लेकराच्या कानाला ओठ लावून तू कुर्र केलंस, नाव सांगितलंस, पटापट मुके घेतलेस. बायांनी तुझ्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. मीही एक घातला, लाडानं.

बारशानंतर आठव्या दिवशी श्रेयानं दूध सोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, बाळाजवळ आलेल्या कुणाच्या ओठावर तापाचे फोड होते का. तू माझ्या शेजारी थर्मास घेऊन उभी होतीस. माझ्याही आधी नाय म्हणून मान हलवलीस. मग रक्तात जंतू झालेत असं समजून औषध सुरू झालं. दोन दिवसांनी झटके आले, कानामागं बारीक फोड उठले, तेव्हा कुठं तापाच्या फोडांच्या विषाणूचं औषध शिरेतून चालू केलं. एकवीस दिवस! हा विषाणू कधी आईला संबंधातून लागतो आणि बाळंतपणात बाळाला येतो, असंही डॉक्टर बोलले आणि तुझ्या आईंनी तेवढंच उचललं. तुझ्या दादानं मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं करून लग्नाआधीचं विचारलं, करुणा. तू तिथंच होतीस. खाली बघत होतीस. पुढं माझ्या तपासणीत काही निघालं नाही, पण ते कागद बघतंय कोण?

दवाखान्याच्या धावपळीत राहून गेलेले बारशाचे फोटो काल आले. कुर्रच्या फोटोत लिपस्टिक एका जागी पुसली गेलीय आणि तुझ्या ओठावरचा फोड साफ दिसतो. फोड दिसला असता तर पाळण्याजवळ दुसरीच कुणी उभी केली असती, हीच भीती ना? अगं, फोड येणं हा काही गुन्हा नाय. मुके घेतलेस तेही मायेनं. पण ते दोन दिवस वाया घालवलेस, त्याचं काय करू मी? सगळे माझ्या तोंडाला काळं फासत होते आणि तू गप्प बसलीस! मी तुला माफ केलेलं नाही.

तरी हे पत्र भांडायला लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात तू बाळंत होशील. ‘मला असे फोड येतात’, हे तुझ्या डॉक्टरांना आजच सांग. बाळ आल्यावर फोड उठला, तर स्वतःच्याही लेकराचा मुका घेऊ नकोस, तोंडाला मास्क बांध, हात धुऊनच त्याला घे. लपवू नकोस गं. फोटो मी अजून तुझ्या दादाला दाखवलेला नाही. ज्या तोंडानं श्रेयाच्या कानात नाव सांगितलंस, त्याच तोंडानं त्याला खरं सांग. तुझ्याकडच्या बारशाला मी श्रेयाला घेऊन येईन. ती तुझ्याकडं झेपावली तर घे. तिला काही ठाऊक नाय.

‘तुझीच’ आज लिहवत नाही.

तुझी वहिनी,
प्रेरणा