जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम

वहिनी,

दादाने तुझा लॅपटॉप फोडला, म्हणून माझा जुना कॉम्प्युटर तुझ्या टेबलावर मांडलाय. तुझ्या ऑफिसला नवी सिस्टीम लागते, आणि ती बनवणाऱ्यांच्या मते हे मशीन आता म्हातारं झालंय. मी पेनड्राइव्हवरून, त्यांच्या तपासणीला बगल देऊन ती बसवली. झकास चालतेय. फक्त मोठा अपडेट आला तर मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस, मशीन सुरूच व्हायचं नाही.

ती बसवत असतानाच दादा आला. "माझ्या बायकोला परत कामाला लावतेस का?" म्हणत त्याने हातोडी उचलली. मी आडवी आले, तर घाव माझ्या खांद्यावर बसला. दुसरा मशीनवर पडायच्या आत मी स्टूल त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. शेजारचे काका त्याला दवाखान्यात घेऊन गेलेत.

दादाला आत येता येऊ नये म्हणून कुलूप बदललंय, म्हणूनच तुझी नवी किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली होती. मी पोलिसांत चाललेय. तुझ्या दंडावरचे वळही सांगणार आहे.

आई फोन करून घरातलं घरात मिटवा म्हणेल. तिला सांग, तुमच्या लेकीनेच ते बाहेर नेलंय.

तुझी नणंद