शिल्लक रजा

प्रिय भिंगरी,

हे कागद उलटून बघू नकोस, आधी वाच. तुला दम धरवणार नाही हे माहीत आहे म्हणून सांगूनच टाकते, मागच्या बाजूला आमच्या कंपनीचे रजेचे कोरे अर्ज छापलेले आहेत. टाइम ऑफिसात आता चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र बसवलंय आणि रजाही फोनवरूनच टाकायची, त्यामुळे अर्जांचे चार गठ्ठे रद्दीत निघाले. त्यातला एक मी घरी आणला. एकतीस वर्षं लोकांना हेच अर्ज मी मोजून दिले. एका माणसाला एक, फाटला तर दुसरा मिळणार नाही असा दम भरून. परवा गठ्ठाच्या गठ्ठा पिशवीत घालताना मला चोरी केल्यासारखं वाटलं, म्हणजे बघ.

मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी 'बघते, कळवते' म्हणून ठेवून दिला. म्हातारीला नखरे सुचतायत असं तुला वाटलं असणार. तू मागितलंस ते काय जगावेगळं होतं? पिल्लूच्या डोळ्यांचं ऑपरेशन अठरा तारखेला, जावईबापू दोन महिने साइटवर, तुझं प्रमोशन याच महिन्यात ठरायचं. तुझ्या खात्यावर बावन्न दिवस रजा आहे, बॉसही 'घे की' म्हणते, पण ती तोंडदेखलं म्हणते, ऐन मोक्याला खुर्ची रिकामी दिसली की संपलं, असं तुझं म्हणणं. आणि मला तर नाही तरी रजा संपवायचीच आहे, तेव्हा मी येऊन आठवडाभर पिल्लूजवळ बसावं. दुसरी कुठलीही आजी पायात चप्पल न घालता निघाली असती. मी बॅग काढली, भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. फोनवर सांगायला गेले तर 'आई, मीटिंग आहे गं' म्हणशील, म्हणून लिहायला बसले.

'रजा संपवायचीच आहे' हे तू किती सहज म्हणालीस. तुला त्यामागचं सगळं ठाऊक नाही. मी सांगितलंही नाही, लाज वाटली. आमच्याकडे नियम होता की वर्षाला वीस दिवसांची रजा मिळते, घेतली नाही तर साठत जाते, तीनशेपर्यंत साठते, आणि निवृत्त होताना तिचे शेवटच्या पगाराच्या दराने पैसे मिळतात. म्हणजे दहा महिन्यांचा पगार एकरकमी. तुझे बाबा गेले तेव्हा तू तीन वर्षांची होतीस आणि माझ्याजवळ होतं ते सगळं एका ट्रंकेत मावत होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला हा नियम कळला आणि मी मनाशी ठरवून टाकलं की आपलं घर याच पैशातून उभं राहील. दोन खोल्या, स्वयंपाकघराला खिडकी. बाकीच्या बायका भिशी लावायच्या, मी रजा लावली.

प्रत्येक कामगाराचं एक पिवळं कार्ड असायचं आणि ती सगळी कार्डं माझ्या ताब्यात. माझं स्वतःचं मी खणात सगळ्यात वर ठेवायची. कुणी बँकेचं पुस्तक बघतं तसं मी जेवणाच्या सुट्टीत ते बघायची. शेवटच्या रकान्यात आकडा वाढला की डबा गोड लागायचा. आमच्याकडे लेथवर एक टर्नर होता, नेहमी हसतमुख, त्याच्या कार्डावर कायम शून्य. पोरीच्या शाळेत कार्यक्रम आहे, बायकोला गाणं ऐकायला न्यायचंय, मेहुणा आलाय, काहीही कारण चालायचं त्याला. मी अर्ज देताना म्हणायची, दादा, म्हातारपणी काय खाल? तो म्हणायचा, तेव्हा दात कुठे असणार ताई. सगळं ऑफिस हसायचं आणि मी मनात म्हणायची, हसा लेको, शेवटी कळेल.

शेवटी कळलंच. कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी दीड पानाची नोटीस काढली की साठलेली रजा ही जुन्या मालकांची भानगड, आम्ही फक्त पंचेचाळीस दिवस मानतो, तेही पैशांत मिळणार नाहीत, तीन महिन्यांत घेऊन संपवा. युनियनने थोडी आरडाओरड केली आणि सही करून टाकली, कारण तरुण पोरांच्या खात्यावर होतंच काय. आणि कार्डावरचे जुने आकडे लाल शाईने खोडून नवे लिहायचं काम कुणाकडे आलं असेल? टाइम ऑफिसकडे. म्हणजे माझ्याकडे. पट्टी घेऊन बसले आणि चारशे बारा कार्डं खोडली. माझं पहिलं खोडलं, म्हटलं पक्षपात नको. तीनशेवर रेघ मारली, शेजारी पंचेचाळीस लिहिलं, आद्याक्षरं घातली. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

टर्नरचं कार्ड हातात आलं तेव्हा त्यात खोडण्यासारखं काहीच नव्हतं. शून्याचं शून्य. तो त्या दिवशी खिडकीशी आला. मला वाटलं, आता माझा सूड घेणार. त्याने आपल्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे ठेवलं आणि तो गेला. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

घराचं दुःख मी पचवलं असतं गं. भाड्याच्या खोलीत हयात गेली, उरलेलीही जाईल. मला खरं झोंबतंय ते वेगळंच आहे. खोडताना कार्डाची मागची बाजू बघितली. नऊ वर्षांपूर्वीच माझे तीनशे भरले होते. तीनशेच्या वरची रजा साठत नाही, आपोआप रद्द होते. म्हणजे त्यानंतर दर वर्षी वीस दिवस नुसतेच सांडत होते. ते घेतले असते तर माझ्या घराची एक वीटही कमी होणार नव्हती. एकशेऐंशी दिवस. पिल्लू झाली तेव्हा तू महिनाभर ये म्हणाली होतीस आणि मी चार दिवस आले, त्यातले दोन शनिवार-रविवार. तुला सांगितलं की ऑफिसात फार काम आहे. काम होतं, पण ते शेजारच्या टेबलावरची मुलगीही करू शकली असती. तिने ते माझ्याशिवाय नीट केलं असतं, याचीच मला धास्ती होती. रजा न घेण्याची इतकी सवय लागली होती की फुकटची रजाही घेववत नव्हती. कंजूष माणूस विहिरीवर बसून तहानलेला राहावा, तशी तऱ्हा.

आता मूळ गोष्ट. तीन पानं मी तिला टाळतेय.

आमच्या टाइम ऑफिसचे चष्मेवाले साहेब गेल्या महिन्यात वारले. तुला वाचून बरंच वाटेल, कारण तुझा त्यांच्यावरचा राग जुना. आठव्या वर्षी तू त्यांचं चित्र काढलं होतंस, डोक्यावर दोन शिंगं, चष्मा मात्र अगदी हुबेहूब. तुझ्या लग्नाला ते आले तेव्हा निवृत्त होऊन थकले होते, काठी टेकत तुझ्यापर्यंत आले आणि तू तोंड फिरवून मैत्रिणीशी बोलायला लागलीस. जाताना त्यांनी मला विचारलं, पोरीचा माझ्यावर राग आहे का. मी म्हटलं, नाही हो, गडबडीत आहे. ते बरं म्हणाले आणि जेवूनही गेले नाहीत.

तुझं अपेंडिक्स दुखायला लागलं तो दिवस आठव. तू विसरले म्हणतेस, पण तू विसरलेली नाहीस. शाळेतून शिवणवाल्या मावशींना निरोप गेला, कारण शेजारी त्याच, आणि त्या मशीनवरचं काम टाकून तुला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथून त्यांनी टाइम ऑफिसात फोन केला. लगेच ऑपरेशन करायचं म्हणतायत, या. साहेब समोरच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. ते म्हणाले, "अहो, उठा आधी. अर्ज उद्या द्या."

एवढंच म्हणाले. हे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत, कारण सव्वीस वर्षं मी ते रोज ऐकतेय. तेव्हा माझ्या कार्डावर एकाहत्तर दिवस शिल्लक होते. पगारातला पैसाही कापला जाणार नव्हता. मी म्हटलं, मावशी आहेत तिथे, मी संध्याकाळी जाते. ते पुन्हा फाईल बघायला लागले. मी साडेपाचपर्यंत बसले. बहात्तर, त्र्याहत्तर असं मनात चाललं होतं असं म्हटलं तर खोटं होईल. मनात काहीच नव्हतं, मी फक्त हजेरीपट भरत होते आणि बेरीज एकदाही चुकली नाही.

पोचले तेव्हा तुझं ऑपरेशन होऊन तू शुद्धीवर आली होतीस. मावशी तुझा हात धरून बसल्या होत्या, त्यांच्या बाहीला दोऱ्याचे तुकडे तसेच चिकटलेले. तू मला विचारलंस, आई, तू का नाही आलीस? आणि मी म्हटलं, साहेबांनी रजा दिली नाही गं. विचार न करता, पटकन, तयारच असल्यासारखं तोंडातून आलं. मावशींना टाइम ऑफिसची रीत काय ठाऊक, त्यांनीही साहेबांना दोन शिव्या घातल्या. तू म्हणालीस, किती वाईट आहेत ते. मी मान डोलावली. एका भल्या माणसावर खापर फोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसून हजेरी घेतली. त्यांनी तुझी तब्येत विचारली, घरी न्यायला संत्री दिली. ती संत्री तू खाल्लीस, मी बाजारातून आणली असं सांगितल्यावर.

तुला खरं सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं. तुझ्या लग्नात साहेब वळून गेले तेव्हा तर शब्द ओठांवर आले होते. मग वाटलं, आज नको. मग वाटलं, आता कशाला, जुनं उकरून काय मिळणार. साहेब गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेले तर त्यांच्या बायकोने मलाच पाणी दिलं, म्हणाल्या, तुमचं कौतुक करायचे हो, म्हणायचे असं चोख काम कुणी केलं नाही. मी पाणी पिऊन निघून आले. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच, निदान तुझ्या मनातली त्या माणसाच्या डोक्यावरची शिंगं उतरव. ती माझ्या डोक्यावर चढव, मला चालेल.

साहेब गेले म्हणून हे लिहितेय असं तुला वाटेल. खरं सांगू, ते गेल्यावरही मी गप्पच बसले असते. पण मंगळवारी तू दार उघडायला गेलीस तेव्हा पिल्लूने फोन घेतला. मला म्हणाली, "आज्जी, तू येशील ना? मम्माची बॉस वाईट आहे, तिला रजाच देत नाही." तू परत आलीस आणि काहीच न झाल्यासारखी बोलायला लागलीस. तुझे बावन्न दिवस तूच मला पाच मिनिटांपूर्वी सांगितले होतेस. हे तुला कुणी शिकवलं, असं विचारायला माझ्याकडे तोंड नाही. म्हणून माझा निरोप असा की मी अठरा तारखेला येणार नाही. मावशी होत्या म्हणून मी आले नव्हते, त्या नसत्या तर मला उठावंच लागलं असतं. मी आले की तू ऑफिसला जाशील, मी तुला ओळखते, मीच घडवलंय तुला. डोळ्यांवर पट्टी असली तरी हात कुणाचा आहे ते पोरीला कळतं. पंचवीसला मात्र मी बॅग घेऊन दारात असेन आणि माझे पंचेचाळीसच्या पंचेचाळीस दिवस तुम्हा दोघींचे. या गठ्ठ्यातला शेवटचा कागद मी उलटा वापरलेला नाही, तो सुलटा ठेवलाय. तुमच्याकडे सगळं फोनवर चालतं, हा कागद कुणी घेणार नाही, हे मला कळतं. तरी भरलाय, माझ्या चांगल्या अक्षरात. तुझं नाव, सतरापासून आठ दिवस. कारणाच्या रकान्यात लोक 'घरगुती काम' लिहितात, मी 'मुलीजवळ बसायचे आहे' असं लिहिलंय. सही तेवढी तुझी राहिली आहे.

तुझीच, सव्वीस वर्षं उशिरा पोचलेली,
आई