गंगापूर रोडचा मारुती

७ मार्च २००४, रविवार

खोटं बोलले. तीस माणसांसमोर, शांतपणे, आणि कुणाला संशयही आला नाही!

सोसायटीची सभा होती. विषय पार्किंगचा. आवाराच्या कोपऱ्यात बोरीखाली शेंदूर फासलेला दगड आहे, तो हलवला की चार गाड्या बसतात. चारच! अध्यक्ष कोठावदे म्हणाले, "बुधवारी जेसीबी येतोच आहे. त्यातच उरकून टाकू. कुणाची हरकत?" कुणाची असणार?

माझी होती. तो दगड कुसाबाईंचा वाघदेव आहे. कुसाबाई आमचे जिने झाडतात, कालव्यामागच्या वस्तीत राहतात. इथे बिल्डिंगा नव्हत्या, द्राक्षबागाही नव्हत्या, तेव्हा त्यांचे सासरे या माळावर गुरं चारायचे. वाघाने गुराला-माणसाला धरू नये म्हणून वाघबारशीला या दगडापुढे कोंबडं द्यायचं. दिवाळीच्या तोंडावर, आपली वसुबारस असते त्याच दिवशी. गेल्या वर्षी त्यांनीच मला सगळं दाखवलं. दगडावर वाघ कोरलाय, शेपटी पाठीवरून वर वळलेली, आणि वर सूर्य-चंद्र.

हे मी सभेत सांगू शकत होते. सचिव आहे, मला बोलायला कोण अडवणार? पण समोरचे चेहरे दिसत होते. आदिवासींचा वाघ! हसले असते आणि बुधवारी दगड उचलला असता. म्हणून मी म्हटलं, "अहो, तो मारुती आहे. शेपटी दिसत नाही का?"

झालं! गाड्यांचा विषय तिथेच संपला. मारुतीवर जेसीबी कोण घालणार?

कुसाबाई तेव्हा चहाचे कप गोळा करत होत्या. थांबल्या. माझ्याकडे बघतच राहिल्या. मी डोळ्यांनीच त्यांना म्हटलं — वाचवला ना!

८ मार्च

घरी किशोरला सांगितलं. ओझरच्या कारखान्याच्या बसची वेळ झाली होती, बूट घालता घालता हसला. "वा सचिवबाई, राजकारण जमायला लागलं!" मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते — बरं वाटलं.

६ एप्रिल

काल हनुमान जयंती. दगडाला चांदीचे डोळे बसले!

भटजींनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि सांगितलं, "सूर्य गिळायला निघालेला बालमारुती. फार दुर्मिळ." चंद्र मग कशासाठी? कुणी विचारलं नाही. मीही नाही. गवंड्याने वाघाच्या पुढच्या पंजात सिमेंटची गदा बसवून दिली. सगळे मला धन्यवाद देत होते. "तुमच्यामुळे कळलं, मॅडम, नाहीतर केवढं पाप झालं असतं!"

प्रसादाचा शिरा नको होता. तरी खाल्ला. दोनदा.

१३ जून, रविवार

आता छत. टाइल्स — बाथरूमला लावतात तशाच. ग्रिल. ग्रिलला कुलूप, किल्ली कोठावदेंकडे. आणि आज पाटी लागली: "मांसाहार करून आत येऊ नये."

कुणी लावली ही? शनिवारी तेल वाहतात आणि रविवारी दिंडोरी रोडच्या ढाब्यावर मटणाला रांगेत उभे राहतात, त्यांनीच! पाटी त्यांच्यासाठी नाहीच. कुणासाठी आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

या लोकांचा मला संताप येतो. आणि मी यांच्यातलीच आहे. देवळाली कॅम्पात दोन खोल्यांत वाढले, बाहेरच्या नळावर भांडून पाणी भरलं. इथे तोटी सोडली की पाणी येतं. संध्याकाळी गुलमोहराखालून चालायला जाते, कुणाचा धक्का लागत नाही. आवडतं मला. भाजीला भद्रकालीच्या बाजारात गेले तर आता मलाच गर्दी सोसवत नाही, नाकाला पदर लावते. आई बघती तर म्हणाली असती, "कोण गं ही शेठाणी?"

मग संताप नेमका कुणाचा येतोय?

२ जुलै

पाटी काढा, असं पत्र कोठावदेंना लिहिलं. दिलं नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

फाटकावर दत्तू होता. कुसाबाईंचा मुलगा, आमचा वॉचमन. एरवी सलाम ठोकतो. आज नाही ठोकला.

"मॅडम, एक विचारू? औंदा वाघबारशीला कोंबडं कुठं द्यायचं आम्ही? ग्रिलमधून आत फेकायचं का?"

मी म्हटलं, "बघते."

"बघा. तुम्हीच केला ना त्याला मारुती."

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट काहीतरी बोलता आलं असतं. "बघते" म्हणजे काय? आमच्या ऑफिसात "बघते" म्हणजे फाइल कपाटात! एवढी वर्षं त्यांना विचारायला लागलं नाही, आता माझी परवानगी हवी. मी कोण?

२४ ऑक्टोबर, रविवार

आज सभेत सगळं सांगितलं. उभं राहून.

"तो मारुती नाही. वस्तीतल्या लोकांचा वाघदेव आहे. मार्चमध्ये मी खोटं बोलले."

मग पल्लवी, आमच्या समोरच्या फ्लॅटमधली, रडवेली होऊन, "ताई, असं नका ना बोलू. माझ्या रुद्रचा ताप इथे नवस बोलल्यावर उतरला." कोठावदे वकिली आवाजात, "म्हणजे तुम्ही सोसायटीची दिशाभूल केलीत?" मागून कुणीतरी — "वाघ असेल तर काढा मग! पार्किंग होईल." आणि हशा!

म्हणजे खरं सांगितलं तर दगड जातो, खोटं सांगितलं तर त्यांचा देव जातो. छान!

मला राहवलं नाही. जिन्याशी कुसाबाई फरशी पुसत होत्या, त्यांना मीच हाक मारून आत बोलावलं. "कुसाबाई, सांगा यांना. कोणाचा देव आहे तो? घाबरू नका."

ओलं फडकं हातातच. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "मारुती."

टाळ्या वाजवल्या लोकांनी.

२६ ऑक्टोबर

कुसाबाईंचा राग आला होता. हो, त्यांचाच! एवढं मी स्वतःचं नाक कापून घेतलं, आणि तुम्हाला एक शब्द खरा बोलवत नाही?

दोन दिवस हाच राग घोळवला. आज ताक करता करता लख्ख दिसलं. दत्तूची नोकरी कुणाच्या हातात? कोठावदेंच्या. मग भरल्या सभेत त्या बाईला साक्षीला उभं कुणी केलं? आणि वर म्हणे घाबरू नका! मला घाबरायला काय होतं? मार्चमध्ये, नुसतं हसतील म्हणून, मी खोटं बोलले होते. त्यांनी तर पोटासाठी.

कोठावदेंचं ढोंग निदान पाटीवर लिहिलेलं आहे. माझं?

५ नोव्हेंबर

ठरलं. मंगळवारी वाघबारस. "वसुबारशीला मारुतीपुढे दिवा लावते," असं सांगून कोठावदेंकडून किल्ली आणली. पुन्हा खोटं! पण हे शेवटचं, आणि याचं मला काही वाटत नाही.

दत्तूला सांगितलं, सकाळी सहाला मी स्वतः कुलूप काढीन. आईला आणा. कोंबडंही आणा. कुणी काही बोललं तर माझ्या नावावर.

तो म्हणाला, "आईशी बोलतो." चेहरा कसनुसाच होता.

किशोर भडकला. "आपल्याला इथंच राहायचंय, मोहिनी."

"म्हणूनच," म्हटलं.

९ नोव्हेंबर, वसुबारस

सहाला कुलूप काढलं. दत्तू आला नाही. कुसाबाई एकट्याच आल्या, न्हाऊन, धुवट लुगडं नेसून. हातात रुईची माळ.

"कोंबडं?"

"मारुतीला? नाय बाई!"

"अहो, इथे ऐकायला कुणी नाही. तुमचा वाघदेव आहे तो."

"सभेत बी तुमी तसंच म्हणल्या. आमाला वाईट वाटू नये म्हणून. कळतं मला." माझ्या हातावर हात ठेवला त्यांनी. "तुमी शिकलेल्या. तुमी पयल्यांदा सांगितलं, तवाच मला समजलं. आमी अडाणी. सासऱ्यापासून दरसाल त्याच्यापुढं कोंबडं कापलं. दत्तूला नाय पटत, तो बोलत नाय माझ्याशी. पण मारुती रागावला असंल ना बाई? माफी मागाया आले."

आत गेल्या आणि टाइल्सवर नाक घासू लागल्या.