तळाशी ठेवलेलं पाणी

माय, उद्या सकाळी आपल्या दारात बोअरची गाडी येणार आहे. म्हणजे मी हो म्हटलं तर. घर माझ्या नावावर आहे, शाळेत नोकरीला असताना बांधलेलं, म्हणून मुलगा विचारतो तरी; नाहीतर त्यानं गाडी आणून उभी केली असती. जुनी बोअर या उन्हाळ्यात नुसती धापा टाकते आहे. नवी चांगली खोल घेऊ, मग दिवसभर नळ सुरू, असं तो म्हणतो. पलीकडच्या घरात एक म्हातारी एकटी राहते. तिच्या अंगणात हातपंप आहे आणि तो अजून पाणी देतो. आपण खोल गेलो की तो कोरडा पडणार, हे मला माहीत आहे आणि मुलालाही. संध्याकाळपर्यंत सांग, असं म्हणून तो बाहेर गेला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण सल्ला विचारायला मला अजून दुसरं माणूस सापडलेलं नाही.

दुष्काळाचं ते साल मला आठवतं ते आवाजानं. विहिरीच्या तळाला वाटी खरवडल्याचा आवाज. बायका काठावर घागरी घेऊन बसलेल्या, आणि तू अंगानं काडी, म्हणून तुलाच कमरेला दोर बांधून खाली सोडायचं असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून आलेली तू, नाही म्हणण्याइतकीसुद्धा ताकद नसेल अंगात. मी काठावर पालथी पडून खाली बघते आहे. तू वाटीवाटीनं बादली भरतेस, बादली वर येते, पाणी चहाच्या रंगाचं. मग तू दोर हलवतेस, म्हणजे झालं, वर घ्या. एक बाई वरून म्हणते, "अगं अजून चमकतंय की तिथं. त्ये घी की." तू वर आलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "बेडूक हाय तिथं. त्येच्यापुरतं ठिवलंय." त्यावर बायका जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. लेकरं तहानलेली आणि हिला बेडकाचं पडलंय, असा एकूण सूर. मलाही तुझा राग आला होता, कारण मला खरंच तहान लागली होती. घरी येताना मी विचारलं, तेवढ्यानं काय होतंय? तू म्हणालीस, "म्या तळ बघून आलेय. तू न्हाय बघितलास." समजावून सांगायचं नाही, ही तुझी खोडच होती.

पुढं पाऊस आला, तळ झाकला गेला आणि लोक विसरले. तू तेवढी विसरली नाहीस. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी विसळलेलं शेवग्याला, अंघोळीचं मोरीमागच्या अळवाला. मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांच्या तांब्यात उरलेलं उष्टं पाणी तू त्यांच्यादेखत उठून शेवग्याच्या बुडात ओतलंस, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं. लग्न तरी जमलं. सासरी कित्येक वर्षं त्या शेवग्याची आठवण काढून मला चिडवायचे.

मग आपल्या भागात उसाचे दिवस आले. ढोकीच्या साखर कारखान्याच्या रस्त्यानं उसाच्या मोळ्या लादलेले ट्रॅक्टर जायला लागले, आणि आबा सहकारी कारखान्याचे सभासद झाले तशी त्यांची चालही बदलली. ज्वारीचं रान मोडून ऊस लावला, विहिरीवर इंजिन बसवलं. त्या उन्हाळ्यात मी माहेरपणाला आले होते. भाकरी घेऊन आपण दोघी रानात गेलो तेव्हा इंजिन धडधडत होतं आणि विहिरीत पाणी पार खाली गेलेलं. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "आवं, बंद करा आता."

"शेवटच्या दोन सऱ्या ऱ्हायल्यात. वाळून जातील."

"वाळू द्या."

आबा हसले. त्यांना वाटलं तू चेष्टा करतेस. तू इंजिनाजवळच्या दगडावर बसलीस, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलंस आणि त्याच्या गाठीवर हात ठेवलास. ऊन तापलेलं, आबा पहाटेपासून उपाशी. ते एकदा विहिरीत बघायचे, एकदा गाठोड्याकडे. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं आणि पाय आपटत येऊन बसले. तू गाठ सोडलीस. ठेच्याबरोबर भाकरी खाताना ते मला म्हणाले, "तुझी माय लई अवघड बाई हाय." पण आवाजात राग नव्हता, थकवाच होता.

त्या दोन सऱ्या वाळल्याच. आणि तू तळाशी ठेवलेलं पाणी? बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं त्याची विहीर खोल करून घेतली, त्याचं इंजिन रात्रंदिवस चाललं, आणि काही दिवसांत आपल्या विहिरीतला ओलावासुद्धा गेला. आबा घरी येऊन चुलीपाशी उभे राहिले. "बघ तुझं पाणी. त्येच्या उसाला पावलं." मला वाटलं आता तू रडशील. तू भाकरी थापत होतीस, थापतच राहिलीस. म्हणालीस, "गेलं तर गेलं. आपून न्हाय वढलं."

त्या वाक्यावर मी आयुष्यभर चरफडत आले आहे, माय. त्यात जिंकणं नाही, उपयोगही नाही. जगातल्या सगळ्या विहिरी शेजारीच ओढून नेणार असतील तर आपण हात आखडून काय मिळवलं? तरी मी तुझंच करत आले. भांड्यांचं पाणी बादलीत धरते, मशीनचं फेसाळ पाणी अंगण धुवायला ठेवते, उरलेलं परसातल्या शेवग्याला. हो, मीही शेवगाच लावला. समोरचे गृहस्थ रोज पाइप सोडून गाडी धुतात, पाणी वाहत माझ्या फाटकापर्यंत येतं, आणि मी त्यातून बादली घेऊन वाट काढते. कधी कधी वाटतं बादली तिथंच सोडून द्यावी. गुडघे दुखतात. मी कंटाळले आहे. तूही कंटाळली असशील, पण तू बोलली नाहीस आणि मला कधी विचारायचं सुचलं नाही.

मुलगा वाईट नाही. बादली जड दिसली तर धावत येऊन हातातून घेतो, आणि मोरीत ओततो. "आई, पृथ्वी काय तुझ्या बादलीवर चाललीय का?" म्हणतो. काल म्हणाला, "आपण नाही घेतली तर पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी घेईलच की खोल बोअर. तिचा पंप तेव्हाही जाणारच." हेही खरं आहे. आपल्या बांधावर मी ते डोळ्यांनी बघितलं आहे.

इथवर लिहिलं आणि तो आला. मी नको म्हटलं. पलीकडच्या बाईचं पाणी जाईल, म्हणून नको. त्यानं अंगणात जाऊन गाडीवाल्याला फोन केला, "आई ऐकत नाही" असं सांगितलं, आणि आत येऊन म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात परत विचारणार." विचार म्हटलं. तेव्हा मी काय सांगेन, मला खरंच ठाऊक नाही.

हा कागद नातवाच्या जुन्या वहीचा, पाठकोरा. तुझ्याकडे पाठवायला पत्ता नाही, तेव्हा उद्या यावरच मेथी निवडीन.

मुलाला सांगितलं ते कारण खोटं नाही, पण तेवढंच नाही. तुझा एकही फोटो आपल्याकडे नाही. चेहरा आताशा नीट आठवत नाही. एका हातात बादली, दुसरा हात कमरेवर, अशी मी परसात जाते तेव्हा मात्र तुझं चालणं मला माझ्या पायांत ओळखू येतं. दिवसभर नळ वाहायला लागला तर कोण उचलणार आहे बादली? ती सुटली की तूही सुटशील, म्हणून नको म्हटलं.