पी. मरगदम यांची यादी

३ ऑगस्ट, तूतुकुडी

कॉम्प्युटरने आज मॅडमच्या वडिलांना शास्त्रज्ञ करून टाकलं. मॅडमच्या शोधनिबंधांची यादी एक्सपोर्ट केली, फाइल उघडली, तर लेखकाच्या जागी वरपासून खालपर्यंत एकच नाव — पोन्नुसामी, एम. मेल्याला आडनाव हवं असतं. इथे आडनाव आणू कुठून? वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे लावलं की झालं माणसाचं नाव. पी. मरगदम. इतकी वर्षं या तमिळ लोकांत सून म्हणून नांदतेय, माझ्याही नावापुढे आता नवऱ्याचं अक्षर आहे. खानविलकर कुठच्या कुठे गेलं.

मॅडमना दाखवलं तर हसतच सुटल्या. "अप्पा तिसरीत शाळा सोडून होडीवर गेले. बघ, माझ्याइतकंच छापून आलंय त्यांचं!"

एकेक नाव हाताने उलटं केलं. डोळ्यांचं पाणी झालं.

६ ऑगस्ट

निवड समितीला यादी तीन प्रकारच्या फाइलींत हवीय. आरआयएस — त्यात दर ओळीआधी दोन अक्षरं. बिबटेक — सगळं महिरपी कंसात. आणि तिसरी स्वल्पविरामांची, एक्सेलात उघडणारी. एकाच मुलीचे तीन फोटो मागावेत — समोरून, डावीकडून, उजवीकडून — तसं. निबंध मोजणार म्हणे फक्त कंसवाल्या फाइलीतून. मग बाकीच्या दोन कशाला, लोणचं घालायला?

पण करणार. समुद्रशेवाळ केंद्राचं संचालकपद मॅडमना मिळालंच पाहिजे. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, पुन्हा संधी नाही. आणि ज्याची यादी लांब त्याची खुर्ची, हे समितीने सरळच सांगितलंय.

दुसऱ्या कोणाला मिळावं, सांगा? या वयात साडी वर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरतात. शेवाळ काढणाऱ्या बायका त्यांच्याशी भांडतात, आणि त्या उभ्या राहून ऐकून घेतात. एका निबंधात तर त्यांनी त्यातल्या दोघींची नावं लेखक म्हणून घातली. संपादकाने कळवलं, आभारात टाका. मॅडम म्हणाल्या, "आभार मानायचे तर त्यांना जेवायला बोलावीन. माहिती त्यांची आहे, नाव वरच जाईल." निबंध अडकला. मॅडम हटल्या नाहीत. शेवटी संपादक हटला.

इथे मॅडमच्या बरोबरीची माणसं विद्यार्थ्याच्या कामावर स्वतःचं नाव पहिलं घालतात! असो.

७ ऑगस्ट

स्वल्पविरामाने घात केला. मरगदम एका रकान्यात, पी दुसऱ्यात. मॅडम म्हणाल्या, "असू दे वेगळे. अप्पांचं नि माझं पटायचंच नाही."

११ ऑगस्ट

सकाळी वाटलं, साधलं. एकेक निबंध गोळा करायचं सोडून निबंधांच्या मोठ्या साठ्यात थेट 'पी. मरगदम' असं शोधलं, आणि एका दमात सगळी यादी मिळाली. आम्ही धरली होती त्याच्या कितीतरी पुढे. मनात म्हटलं, ही बाई स्वतःचं मोजतसुद्धा नाही नीट. छापून नेऊन टेबलावर ठेवली, कौतुक करून घ्यायला.

मॅडम पेन्सिल घेऊन बसल्या. तिसऱ्या पानावर थांबल्या. "हा माझा नाही."

"विसरला असाल, मॅडम."

"पोराबाळांची नावं विसरेन गं, हे नाही. पांबनच्या खडकांवर मी कधी कामच केलेलं नाही." पुढे आणखी एक खूण. मग आणखी. पान काळं झालं.

आरआयएस फाइल उघडली, त्यात नाव पूर्ण येतं. मरगदम, पोन्नुसामी. मरगदम, पोन्नुसामी. आणि मध्येच — मरगदम, पेरुमाळ! कंसवाल्या फाइलीत नावं आखडतात. तिथे दोघींचे बाप एकाच 'पी'त दाटीवाटीने बसले होते.

१२ ऑगस्ट

आमच्या ऑफिसातला सुडलै म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्याने खबर आणली — पांबनकडच्या कॉलेजातल्या पी. मरगदम यांनीही याच जागेसाठी अर्ज भरलाय. आणि त्यांची यादी अगदीच तोकडी. असणारच, त्यांचं सगळं आमच्या खात्यात येऊन पडलंय!

मी म्हटलं, देव पावला. मॅडमकडे गेले. "समिती कंसवाली मोजणार. त्यात पी म्हणजे पी. आपण खोटं काहीच लिहिलेलं नाही."

मॅडमनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आपण लिहिलं नाही. पण आपल्याला कळलंय ना आता?"

"मॅडम, ती बाई तुमच्या विरुद्ध उभी आहे."

"म्हणून तर घाई कर. अर्जाची मुदत संपत आली. तिचे निबंध वेगळे काढ, तिन्ही प्रकारांत, आणि पाठवून दे तिला."

"तिन्ही मी करू?"

"तिच्याकडे तुझ्यासारखी कोण असणार?"

वरून हे लोणी! इतका संताप झाला की डबा तसाच घेऊन घरी आले. सासूबाईंनी विचारलं, सांबार बिघडलं होतं का. म्हटलं, सांबार चांगलं होतं, माणसंच जरा जास्त चांगली आहेत.

१४ ऑगस्ट

केलं. पाठवलं. वर मॅडमनी तिला फोन लावायला लावला आणि स्पीकर सुरू ठेवला.

"हॅलो, मी मरगदम बोलतेय."

"मीपण," पलीकडून आवाज आला. दोघी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

ती म्हणाली, माझे निबंध माझ्या नावावर दिसत नाहीत म्हणून गेलं वर्षभर तक्रारी लिहितेय, कोणी दाद देईना, आता माझं काम मलाच खोटं वाटायला लागलं होतं. बोलता बोलता थांबली. "अक्का, तुम्हीसुद्धा अर्ज केलाय ना?"

"केलाय की. तू आधी ती फाइल उघडतेय का बघ."

आमची यादी एवढीशी झाली. तीच भरून पाठवली. मॅडमचा राग यायला हवा, आणायला बघतेय, येत नाही. मी त्यांच्या जागी असते तर गप्प बसले असते. नक्की बसले असते. अशा माणसाच्या हाताखाली काम करायला मिळालं, एवढंच मनात येतंय.

३० ऑगस्ट

निकाल! नोटिशीत एकच ओळ — निवड झालेला उमेदवार: पी. मरगदम.

सुडलै धावत आला. कोणीतरी बेकरीतून मॅकरून आणले. मी मॅडमना सगळ्यांसमोर मिठी मारली, त्यांना ते आवडत नाही तरी. एवढ्याशा यादीवर मिळालं. म्हणजे समितीत कोणीतरी वाचणारं आहे, नुसतं मोजणारं नाही!

मॅडमनी मॅकरून हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाल्या, "कुठली पी?"

 समितीला फोन लावला तर तिकडचं ऑफिस बंद झालेलं.

३१ ऑगस्ट

पेरुमाळ यांची. पांबनची. मॅडमनी स्वतः समितीला फोन करून विचारलं आणि मला सांगितलं. मी रडायला लागले तर रागावल्या. "रडतेस काय? यादी तिचीच मोठी होती."