रिकामी सुपं

कामरगाव, ६ मे २०२५

ती. गुलाबमामांस,
शुभांगीचा शि. सा. न. वि. वि.

मामींचे गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्ही माझं अर्धंच ऐकता, म्हणून पत्र लिहिते.

मी व्यवस्थापक असलेल्या शेतकरी कंपनीत सोयाबीनचं बियाणं निवडायचं मशीन आलं. ते दाण्याचा रंग ओळखतं आणि खराब दाणा हवेनं बाजूला उडवतं. अकरा बाया आठवडाभर सुपानं निवडायच्या, तेवढं दुपारपर्यंत होतं. कुणाला काढायचं नाही, पिशव्या भरायचं आणि उगवण तपासायचं काम द्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. मशीनच्या पूजेसाठी शेड झाडून घेतली. खुंट्यांवरची सुपं धुऊन-पुसून जिची तिला घरपोच पाठवली, धुळीत खराब होऊ नयेत म्हणून.

पूजेला एकही बाई आली नाही. आज पाचवा दिवस. दोनदा मीटिंग बोलावली, कुणी फिरकलं नाही. पेरणी महिन्यावर आली आहे. अध्यक्ष म्हणतात, सोमवारपर्यंत पाहू, नाहीतर मंगरूळपीरहून मजूर आणू. तसं झालं तर या बाया कायमच्या तुटतील. त्यांच्यातल्या ज्या प्रयागबाईंनी मला दाणा पारखायला शिकवलं, त्या रस्त्यात भेटल्या तर पदर सारखा करून पुढे गेल्या. मला फार लागलं, मामा. माझं काय चुकलं?

लोभ आहेच, या वेळी थोडी अक्कलही पाठवा.
तुमची शुभांगी


वाशीम, १० मे २०२५

चि. शुभांगीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मामीचे गुडघे बरे आहेत, जीभ त्याहून बरी. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. मशीनचं तिला काही कळलं नाही, पण सुपापाशी येताच तिनं मला थांबवलं. म्हणे, पोरीनं सुपं रिकामी धाडली काय?

शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. धुतलेलं, रिकामं सूप दारात आलं म्हटल्यावर त्या बायांनी काय समजावं? मनात जे पक्कं केलंस ते तुझ्या मनातच राहिलं. करायला गेलीस गणपती, झाला मारुती.

मला हसायचा हक्क नाही म्हणा. जिनिंगमध्ये मी मुकादम होतो आणि कापसाच्या गाठी बांधायचं नवं यंत्र आलं, तेव्हा उद्यापासून येऊ नको हा निरोप लखीरामला मी चपराशाच्या हाती धाडला. वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो होतो. समोर जायची हिंमत झाली नाही. अजूनही बाजारात मी दिसलो की तो भाजी तशीच टाकून निघून जातो.

तेव्हा मीटिंग पुरे. तू त्यांच्या दारी जा. खरं असेल ते सांग, गोड करून सांगू नको. मग गप्प बसून ऐक. ते तुला लहानपणापासून जमत नाही, पण जमव.

तब्येतीला जप आणि काय झालं ते कळव.
गुलाबमामा


कामरगाव, १९ मे २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अकराही घरी जाऊन आले. सगळ्यांत आधी प्रयागबाईंकडे. सुपानं निवडायचं काम संपलं, ते परत येणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. दुसरं काम ठरवताना त्यांना विचारलं नाही, ही माझी चूक, हेही सांगितलं. मग गप्प बसले.

त्या म्हणाल्या की, मशीनचा राग नाई मले, पण तू सोता काहून नाई आली, सूप धाडून देल्लं जशी मी मेलीच. मला रडू आलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांना बारीक दिसत नाही. त्यांचा ढीग बाकीच्या बाया गुपचूप निवडून द्यायच्या. रिकामं सूप आलं तेव्हा त्यांना वाटलं, मला ते कळलं आणि त्यांच्यामुळे सगळ्यांचंच काम गेलं. मामा, मी रोज त्यांच्याशेजारी चहा प्यायचे.

उगवण तपासताना ओल्या गोणपाटातले कोंब बोटांनीही कळतात. ते काम त्यांनी आपणहून मागून घेतलं आणि पाळ्याही त्यांनीच लावल्या. नऊ जणी आल्या आहेत, बाहेरून मजूर आणायचं टळलं. दोघी अजून रुसलेल्या आहेत, त्यांच्याकडे पुन्हा जाईन.

पहिल्या दिवशी प्रयागबाई सूप घेऊनच आल्या. त्यात कैऱ्या होत्या. त्या माझ्या टेबलावर ओतल्या आणि सूप जुन्या खुंटीला अडकवलं.

त्यातल्या चार तुमच्याकडे पाठवते आहे. दोन मामींना लोणच्याला द्या. दोन लखीरामकाकांकडे घेऊन जा, रिकाम्या हातानं जाऊ नका.

तुमची शुभांगी