पडद्यांसाठी आणलेलं सालीचं कापड

तीर्थस्वरूप नाल्वोगा आत्याबाईंच्या सेवेशी, भाचा लुबोवा याचा लांबूनच वाकून नमस्कार. तुमची सून जेराल्डिना गुडघे टेकून नमस्कार सांगते आहे (टेकायला अंगणात जागा उरलेली नाही, ते पुढे येईलच). तुमची तब्येत कशी आहे? ठणठणीत ना? हे मी रीत म्हणून विचारत नाहीये, खरंच विचारतोय. तुमचा फोन रविवारपासून बंद आहे.

तर माझा चुलतभाऊ, आपल्या सेंतेझाने जाहीर केलं, की साल कुटून कापड करणं बंद. मयताला लोक हल्ली पैशांचं पाकीट देतात, शवपेटीत चकचकीत साटीन घालतात, सालीचं कापड घेणार कोण? आजोबांनी सालीसाठी लावलेली मुटुबाची झाडं तोडून वीटभट्टीला द्यायचं त्याने ठरवूनही टाकलं. माझा जीव नुसता खालीवर झाला. त्या झाडांखाली मी लहानाचा मोठा झालो, आणि सेंतेझाला दुसरं काही येतही नाही (सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं होतं, आठवतंय ना? मग सोडा). त्यात चर्चच्या सभेत, हाताने काम करणाऱ्यांना आपण नाही तर कोण जगवणार, असं मीच ठणकावून बोललेलो. तेव्हा त्याच्याकडचं सगळ्यांत मोठं कापड घेतलं. पडदे शिवू म्हटलं. जेराल्डिना म्हणाली, "मयताच्या कापडाचे पडदे? आधी मलाच गुंडाळा त्यात." तरी घेतलं.

वळकटी खांद्यावर टाकून मी मोटारसायकलवरून भर बाजारातून आलो. खांद्यावर सालीचं कापड घेऊन माणूस आपल्याकडे कधी जातो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला सुचलं नाही. धुळीने डोळ्यांना धार लागलेली आणि तोंडात भाजलेलं कणीस, म्हणजे बोलायचीही सोय नाही. वाटेत लोक टोप्या काढत होते, मला वाटलं माझ्या भाषणाचा परिणाम. घरी पोचतो तो अंगणात बाकडी लागलेली, शेकोटी पेटलेली, बायका जमलेल्यांच्या जेवणाला मटोकेची हिरवी केळी सोलतायत. कोण गेलं हे त्यांनीच ठरवलं होतं. बाबा बाकावर डोळे पुसत होते, आई केळी सोलत होती, म्हणजे ती दोघं नव्हेत. उरल्या कोण, तर ज्यांचा फोन बंद त्या तुम्ही. (बाबांना विचारलं तर म्हणाले, एवढे लोक उगाच येतील का?)

मी तोंड उघडणार एवढ्यात गावातले वडीलधारे किवानुका आजोबा काठी टेकत उभे राहिले. "कापड कुटणाऱ्यांच्या घरची लेक गेली," ते म्हणाले, "इथे पाकिटं चालायची नाहीत." झालं, मयताला द्यायचं कापड घ्यायला सगळा गाव सेंतेझाकडे पळाला. वाळत घातलेलं कापडसुद्धा कोणी ठेवलं नाही. मी पडद्यांचं कापड नेल्यावर तुमची बातमी आली असेल असं धरून तो बिचारा रडत रडत विकत होता. संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन खरं सांगितलं, तशी त्याच्या हातातली मोगरी थांबली.

"भट्टीवाल्याला मी झाडं देत नाही म्हणून सांगून आलोय," तो म्हणाला. "आता काय सांगू? आत्या उठून बसली?"

तेव्हापासून मी घर ते रस्ता, रस्ता ते घर येरझाऱ्या घालतोय. जो तो विचारतो, जिंजाहून आत्याबाईंना कधी आणणार? मी म्हणतो, रस्ता खराब आहे. खरं सांगावं तर लोक दिलेलं कापड परत नेऊन सेंतेझाकडे पैसे मागतील आणि झाडं जातील. न सांगावं तर आज ना उद्या पुरायला कोणीतरी लागेल. हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती देतोय, तोही टोपी काढूनच उभा आहे.

आशीर्वाद असावा, आणि तो द्यायला तुम्ही असाव्यात.

तुमचा,
लुबोवा

ता.क. मिळेल त्या टॅक्सीने या. जिवंत या. मला हवं तेवढं झोडा, पण सगळ्यांसमोर एवढं सांगा, की दुःखात दिलेलं कापड परत नेत नाहीत. असा रिवाज आहे की नाही मला ठाऊक नाही. तुम्ही सांगितलात की आहेच.

आणखी एक. किवानुका आजोबा तुमच्याबद्दल बोलायला लागले तेव्हा, सगळं ठाऊक असूनही, मी हमसून हमसून रडलो. रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

शेवटचं. पडदे रद्द. ते कापड तुमच्या नावाने पेटीत ठेवलंय. घाई अजिबात नाही.